सडपातळ अंगातील साखर

इंदूरहून उज्जैनला जाताना सांवेर लागते. तेथील एका आप्तांकडे आम्ही पंगतीस बसलो होतो. पानात तुपात बुडालेले बाफले पडले. यजमान मधुमेही, पण निर्धास्त. "कोलेस्टेरॉलचे भय लठ्ठांना, माझ्या अंगावर मांस आहे कुठे?"

असाच सडपातळ देह पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये ते व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र युडकिनांच्या अंगी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२!

अशी चरबी पोटात नि यकृतात साचली की इन्सुलिनचे चालेनासे होते. साखर चढते, ट्रायग्लिसराइड वाढतात आणि हितकर एच.डी.एल. घटते. त्यात मधुमेह्यास हृदयविकाराचा धोका मुळातच अधिक. तेव्हा साखर आटोक्यात असली तरी कोलेस्टेरॉल तपासून घ्यावेच. स्थूल माणसाने शेकडा पाच-दहा वजन उतरविले तरी साखर पुष्कळ नमते. कृश माणसाने मात्र काट्यापेक्षा कंबर पाहावी : आपल्याकडे पुरुषांस ९०, स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा.

वहिनींनी शिवणाची टेप आणली. यजमानांची कंबर ९६ भरली. दुसरा बाफला त्यांनी मुकाट्याने आमच्या पानात सरकविला.