जे दूर गेलं, ते उरलं

1991 च्या अखेरीस हाँगकाँगच्या एका दूरचित्रवाणी कंपनीकडून बीबीसीला फिल्मची चार रिळं परत मिळाली. 1967 साली दाखवलेली आणि कायमची गेली असं सगळ्यांनी धरून चाललेली 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही चार भागांची कथा त्यांत अख्खी होती. जिथे ती जन्मली त्या लंडनमध्ये तिचा मागमूस नव्हता आणि साडेनऊ हजार किलोमीटरवर परक्याच्या घरी ती सुखरूप होती. 'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या भागांची सगळी कहाणीच अशी उलटी आहे.

ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. केनेडींची हत्या आदल्याच दिवशीची, त्यामुळे पहिला भाग पुढच्या शनिवारी पुन्हा दाखवावा लागला. बाहेरून पोलिसांची निळी पेटी, आत अफाट जागा आणि तीतून काळात भटकणारा एक विक्षिप्त म्हातारा. (पेटी निळी आहे हे कृष्णधवल पडद्यावर कुणाला दिसत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.) निर्मात्या होत्या व्हेरिटी लँबर्ट. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसैन हे लखनौचा जन्म असलेले, लेखिका अतिया हुसैन यांचे चिरंजीव, तेव्हा अवघे 24 वर्षांचे. 1969 पर्यंत 253 भाग झाले. पुढे त्यांतले शंभराहून अधिक बीबीसीकडे उरले नाहीत.

ते चोरीला गेले नाहीत की आगीत जळाले नाहीत; रीतसर पुसले गेले. दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. पुनःप्रक्षेपणाने आपलं काम जाईल या धास्तीपोटी नटांच्या संघटनेने त्यावर मर्यादा घातलेल्या. घरोघरी व्हिडिओ यायला अवकाश होता आणि 1969 मध्ये बीबीसी वन रंगीत झाल्यावर कृष्णधवल मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. परदेशी विक्रीसाठी विक्री विभाग 16 मिलिमीटर फिल्मवर प्रती काढत असे. हक्कांची मुदत सरली की त्याही निकालात निघत. टेप ही तंत्रविभागाच्या लेखी वापराची वस्तू आणि प्रत ही विक्री विभागाच्या लेखी विकायची. जपायची वस्तू ती कुणाच्याच लेखी नव्हती. यात खलनायक शोधू नये. हिशेब चोख होता, फक्त त्यात उद्याचा रकाना नव्हता.

1978 मध्ये इयन लेव्हिन नावाचा चाहता विक्री विभागात पोहोचला, तेव्हा मालिकेतल्या डालेक या शत्रूंच्या पहिल्या कथेची सातही रिळं नष्ट करायच्या मालात बांधून ठेवलेली होती. ती वाचली. त्याच सुमारास सू माल्डन यांच्याकडे बीबीसीच्या संग्रहासाठी कार्यक्रम निवडण्याचं काम आलं आणि पुसापुशी थांबली.

मग सुरू झाला शोध. 1983 मध्ये लंडनमधल्या एका मॉर्मन चर्चच्या तळघरात दोन भाग निघाले. सायप्रस आणि नायजेरियातून काही आले, 1999 मध्ये न्यूझीलंडच्या एका संग्राहकाकडे एक मिळाला. परदेशी दूरचित्रवाणी केंद्रांमध्ये एका देशात दाखवून झालं की रिळं पुढच्या देशाकडे रवाना होत, म्हणून शोधणाऱ्यांना त्याच वाटेने जावं लागलं. 2013 मध्ये फिलिप मॉरिस यांनी नायजेरियातल्या जोस शहरातल्या केंद्रातून हरवलेले नऊ भाग एकदम परत आणले. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' ही कथा पुरी झाली. 'द वेब ऑफ फिअर'चा तिसरा भाग तेवढा राहून गेला.

मात्र दूर गेलेलं सगळंच परतलं असं नाही. 1964 ची सात भागांची 'मार्को पोलो' ही कथा अनेक देशांना विकली गेली, तरी तिचा एकही भाग सापडला नव्हता. 1965 च्या नाताळातला भाग तर परदेशी विकलाच गेला नाही, म्हणजे तो शोधायचा तरी कुठे?

चित्र गेलं तिथे इतरांनी काय काय राखलं, हा या कहाणीतला सर्वांत समृद्ध भाग. जॉन क्युरा हे गृहस्थ चालू कार्यक्रमाचे पडद्यावरून फोटो काढत, भागामागे साठ-सत्तर, आणि ते कलावंत-दिग्दर्शकांना विकत. 'मार्को पोलो'च्या सात भागांपैकी सहांचे असे फोटो निघाले ते वारिस हुसैन यांच्या खासगी संग्रहात. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने मुलं घाबरतील म्हणून कापलेले तुकडे सरकारी दप्तरात नीट नोंदवून ठेवलेले होते. ते 1996 मध्ये हाती आले. काही भागांतलं तेवढंच हलतं चित्र आज उरलं आहे. जे दाखवू नये म्हणून कापलं, तेच आता दाखवता येतं!

आणि आवाज? तो राखला घरातल्या पोरांनी. पुन्हा कधी बघायला मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून टीव्हीशी टेपरेकॉर्डर लावून ती दर शनिवारी ध्वनिमुद्रण करत. 2006 पासून या आवाजांवर अ‍ॅनिमेशन रचून अनेक भाग पुन्हा उभे केले गेले.

तेव्हा शेवटी हिशेबच मांडायचा तर तो असा: 2013 च्या शोधानंतर संस्थेच्या खात्यावर 253 पैकी 97 भागांचं चित्र गहाळ होतं. पोरांच्या खात्यावर गहाळ आवाज एकाही भागाचा नाही.