सॅन डिएगोचे वार्तापत्र : डिप्लोमा हाती, पात्रता हुकलेली

कॅलिफोर्नियात शाळेचा डिप्लोमा मिळवणे आणि राज्याच्या विद्यापीठात अर्ज करायला पात्र ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या कायद्याप्रमाणे डिप्लोमासाठी नववी ते बारावीत गणिताची दोन वर्षे आणि इंग्रजीची तीन वर्षे पुरतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू, ही राज्याची दोन सरकारी विद्यापीठे. त्यांना गणिताची किमान तीन आणि इंग्रजीची चार वर्षे लागतात, वर आणखीही बरेच काही. राज्यात दरवर्षी डिप्लोमा घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांचे विषय विद्यापीठाच्या यादीत बसत नाहीत. ही मुले अभ्यासात कच्चीच असतात असे नाही. बऱ्याचदा नववीत कोणता विषय घ्यावा हे सांगणारे कोणी भेटलेले नसते, किंवा भेटते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. कॉलेजची तयारी म्हणून या राज्यात जे उपक्रम चालतात, त्यांचा मोठा भाग ही चुकामूक टाळण्यासाठीच आहे.

विद्यापीठाच्या या यादीला ‘ए-जी’ म्हणतात, कारण विषयांचे गट ए पासून जी पर्यंतच्या अक्षरांनी दाखवले आहेत. इतिहास-नागरिकशास्त्र दोन वर्षे, इंग्रजी चार, गणित तीन, प्रयोगशाळेसह विज्ञान दोन, इंग्रजीखेरीज एक भाषा दोन, चित्रकला-संगीत-नाट्य यांपैकी एक वर्ष आणि एक ऐच्छिक विषय, असे एकूण पंधरा वार्षिक अभ्यासक्रम होतात. यूसीसाठी त्यांतले अकरा बारावीत पाऊल ठेवण्याआधी पुरे व्हावे लागतात. प्रत्येकात सी किंवा त्याहून वरचा ग्रेड हवा. खरी मेख इथेच आहे. शाळेच्या लेखी डी म्हणजे पास. विद्यापीठाच्या लेखी तो विषय झालेलाच नाही. लॉस एंजेलिसच्या शाळा डिस्ट्रिक्टने ए-जीच्या याच यादीला डिप्लोमाची अट केले, पण तिथेही डिप्लोमापुरता डी चालतो. म्हणजे सगळे विषय नियमाप्रमाणे घेऊन, सगळ्यांत पास होऊनही मूल अपात्र ठरू शकते. भाषेच्या गटात एक सोय मात्र भारतातून येणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगाची आहे. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी नाही अशा शाळेत सहावी किंवा त्यापुढच्या इयत्तांची दोन वर्षे नीट पार पाडली असतील, तर भाषेची अट पूर्ण झाली असे धरता येते. सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलाने स्पॅनिश घेण्याआधी ही चौकशी करावी.

गणिताची गोष्ट नववीच्याही आधी सुरू होते. अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस हा क्रम बहुतेक शाळांत ठरलेला असतो आणि दर वर्षी एकच पायरी चढता येते. आठवीत अल्जिब्रा १ झाला तर बारावीत कॅल्क्युलस येतो. नववीत झाला तर प्रीकॅल्क्युलसवरच शाळा संपते. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या मुलासाठी हा फरक लहान नाही, आणि त्याचा निर्णय मूल तेरा वर्षांचे असताना होतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतला अल्जिब्रा बंद करून सगळ्यांना तो नववीत शिकवायला सुरुवात केली. हुशार आणि सामान्य अशी लवकर केलेली विभागणी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या मुळावर येते, हा त्यामागचा विचार. हेतू चांगला होता, पण ज्यांना परवडत होते त्या पालकांनी बाहेर पैसे भरून ऑनलाइन अल्जिब्रा उरकून घेतला आणि ज्यांना परवडत नव्हते ते रांगेत राहिले. मार्च २०२४ मध्ये शहराच्या मतपत्रिकेवर ‘प्रपोझिशन जी’ आले. आठवीत अल्जिब्रा परत आणावा, असा हा केवळ सल्लावजा ठराव होता. तरी ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्याला होकार दिला.

बोर्डाच्या परीक्षेची सवय असलेल्या मराठी पालकांना या व्यवस्थेत सर्वांत अवघड जाते ते हे, की शेवटी सगळी कसर भरून काढणारी एकच मोठी परीक्षा इथे नाही. प्रत्येक सेमिस्टरचा ग्रेड गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रकल्प आणि प्रयोगवही यांतून बनतो आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, कायमचा उमटतो. यूसी प्रवेशाची सरासरी काढते ती दहावी आणि अकरावीच्या ग्रेडवरून. राज्यातल्या मुलांना ती चारपैकी किमान तीन लागते. बारावीत जीव तोडून अभ्यास केला तरी या सरासरीत तो धरला जात नाही. उलट बारावीत ढिलाई केली तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

हे सगळे समजावून सांगण्याचे काम शाळेतल्या काउन्सेलरचे. अमेरिकेतल्या शाळा-काउन्सेलरांच्या संघटनेच्या मते एका काउन्सेलरकडे २५० पेक्षा जास्त मुले नसावीत. देशाची प्रत्यक्ष सरासरी ३८० च्या आसपास आहे. काउन्सेलरांना वेळापत्रके बसवायची असतात, भांडणे मिटवायची असतात, एखाद्या मुलाच्या घरची आपत्तीही निस्तरायची असते. विषय निवडण्यासाठी एका मुलाच्या वाट्याला वर्षातून काही मिनिटे आली तरी खूप. आईवडील कॉलेजात गेलेले असतील तर ही उणीव घरच्या जेवणाच्या टेबलावर भरून निघते. नसतील तर ती तशीच राहते.

ती भरून काढण्याचा एक टिकाऊ प्रयत्न सॅन डिएगोतच सुरू झाला. न्यायालयाच्या आदेशाने वर्णभेदाच्या भिंती पाडण्यासाठी शहराच्या गरीब वस्त्यांतली मुले बसने क्लेअरमाँट हायस्कूलमध्ये येऊ लागली. अशा मुलांसाठी खालच्या दर्जाचे सोपे वर्ग काढायचे, ही त्या काळची सरसकट रीत. तिथल्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख मेरी कॅथरीन स्वॉन्सन यांनी १९८० मध्ये नेमके उलटे केले. मध्यम ग्रेडच्या ३२ मुलांना त्यांनी शाळेतल्या सर्वांत अवघड वर्गांत बसवले आणि ते वर्ग झेपावेत म्हणून रोजचा एक तास वेगळा काढला. ‘अव्हिड’ नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम आता देशभरातल्या हजारो शाळांत चालतो.

या तासाला विषयापेक्षा विषय कसा शिकावा हे जास्त शिकवले जाते. वहीचे पान उभ्या रेघेने दुभागायचे. उजवीकडच्या रुंद भागात वर्गातल्या नोंदी, डावीकडच्या अरुंद भागात त्या नोंदींवरून स्वतःला पडलेले प्रश्न, आणि तळाशी चार ओळींत सारांश. ही पद्धत कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची. आठवड्यातले काही दिवस मुले गटाने बसतात. प्रत्येकाने गणितातला किंवा रसायनशास्त्रातला अडलेला एक प्रश्न लिहून आणायचा. ‘मला स्टॉइकिओमेट्री येत नाही’ असे मोघम चालत नाही. कोणत्या पायरीवर अडले ते नेमके सांगावे लागते. मुलगा फळ्याशी उभा राहतो, बाकीचे त्याला प्रश्न विचारतात, आणि कॉलेजात शिकणारा ट्यूटर शेजारी असतो. उत्तर सांगून टाकायची मुभा कोणालाच नाही. सगळ्या विषयांचे कागद एकाच जाड बाइंडरमध्ये क्रमाने लावलेले असावे लागतात आणि त्या बाइंडरचीही तपासणी होते. वरवर हा शिस्तीचा बडगा वाटेल, पण कॉलेजात पहिल्या वर्षी मुले गळतात त्यामागे बुद्धीपेक्षा हीच घडी न बसलेली असणे अनेकदा दिसते.

मुलांना शिकवून भागत नाही, पालकांनाही शिकवावे लागते, हे ओळखून याच शहरात १९८७ मध्ये वाहाक मार्डिरोसियन आणि अल्बर्टो ओचोआ यांनी ‘पॅरेंट इन्स्टिट्यूट फॉर क्वालिटी एज्युकेशन’ ही संस्था काढली. तिचे पालकवर्ग नऊ आठवडे चालतात, मुख्यतः स्पॅनिशमध्ये. ग्रेडची सरासरी कशी निघते, ट्रान्सक्रिप्ट कसे वाचावे, ए-जी म्हणजे काय, काउन्सेलरची वेळ मागून घेऊन त्याला काय विचारावे, हा त्यांचा अभ्यासक्रम. शेवटी पालकांना समारंभपूर्वक प्रमाणपत्र दिले जाते. यातल्या अनेकांना आयुष्यात पहिल्यांदाच शाळेचे असे प्रमाणपत्र मिळालेले असते, त्यामुळे समारंभाला घरचे सगळे येतात. शाळा म्हणजे शिक्षकांचे राज्य, तिथे आपण बोलायचे नाही, ही मेक्सिकोतून आलेल्या पालकांची भीड महाराष्ट्रातल्या पालकांनाही परकी नाही.

अवघड अभ्यासाची पुढची पायरी म्हणजे एपी. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५० च्या दशकापासून हे कॉलेजच्या तोडीचे अभ्यासक्रम शाळांतून चालवते. मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ गुण, आणि ३ किंवा अधिक मिळाले तर अनेक विद्यापीठे क्रेडिट देतात. यूसीच्या सरासरीत एपीला जादा गुण मिळतो, पण आठ सेमिस्टरांपुरताच. दहा-बारा एपी घेऊन झोपेचे खोबरे करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी ही मर्यादा एकदा वाचावी. शाळेत असतानाच शेजारच्या कम्युनिटी कॉलेजात वर्ग घेण्याची वाटही आहे. ती स्वस्त आहे, आणि तिथला ग्रेड एका परीक्षेच्या दिवसावर अवलंबून नसतो. सॅट या प्रवेशचाचणीची धास्ती मात्र या राज्यात बरीच ओसरली आहे. यूसी आणि सीएसयू प्रवेश देताना ही परीक्षा पाहतच नाहीत. राज्याबाहेर चित्र वेगळे आहे: एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, येल, डार्टमथ यांनी २०२४ मध्ये चाचण्यांचे गुण पुन्हा मागायला सुरुवात केली.

यूसीचा अर्ज नोव्हेंबरअखेर भरायचा असतो. ग्रेड विद्यार्थी स्वतःच अर्जात लिहितो. अधिकृत ट्रान्सक्रिप्ट प्रवेश मिळाल्यावर उन्हाळ्यात जाते आणि तेव्हा तफावत आढळली तर प्रवेश धोक्यात येतो. शिफारसपत्रे सहसा मागत नाहीत. आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरे प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत द्यायची. त्यांतला एक प्रश्न शिक्षणातली एखादी संधी कशी साधली किंवा अडथळा कसा ओलांडला, असा आहे. पदकांची यादी पाठ असलेली मुले इथे चाचपडतात. दुपारभर धाकट्या भावंडांना सांभाळून अभ्यास केलेल्या मुलीकडे सांगण्यासारखे बरेच असते, फक्त ते सांगण्याजोगे आहे हे कोणीतरी तिला पटवावे लागते.

पैशाचा अर्ज वेगळा. त्याचे नाव फॅफ्सा. केंद्र सरकारचे पेल अनुदान (२०२५-२६ साठी कमाल ७,३९५ डॉलर) त्यातूनच मिळते. राज्याच्या कॅल ग्रँटलाही बहुतेक मुले फॅफ्सानेच अर्ज करतात. कॅल ग्रँटची नेहमीची मुदत २ मार्च. २०२२-२३ पासून प्रत्येक बारावीच्या मुलाने फॅफ्सा किंवा (फॅफ्सा भरता न येणाऱ्यांसाठीचा) राज्याचा ड्रीम अ‍ॅक्ट अर्ज भरला, अथवा भरायचा नाही असे कळवले, याची खात्री डिस्ट्रिक्टने करून घ्यावी असा कायदा आहे. शाळांच्या संगणकखोल्यांत ‘कॅश फॉर कॉलेज’ या संध्याकाळच्या कार्यशाळा भरतात; पालक कराची कागदपत्रे घेऊन येतात आणि मुले शेजारी बसून दुभाष्याचे काम करतात. २०२४-२५ साठीचा नवा फॅफ्सा डिसेंबर २०२३ च्या अखेरीपर्यंत रखडला आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकांना तो कित्येक आठवडे पुरा करता आला नाही, तेव्हा कॅलिफोर्नियाला आपली मुदत पुढे ढकलावी लागली. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या मुलांना केंद्राची ही मदत मिळत नाही, मग ती पहिलीपासून इथे शिकलेली असोत. अनेक मराठी घरांना हे बारावीत कळते.

ए-जी हुकलेल्यांसाठी वाट बंद होत नाही. राज्यातल्या शंभराहून अधिक कम्युनिटी कॉलेजांत डिप्लोमा असलेल्या कोणालाही प्रवेश आहे. रहिवाशांना एका युनिटची फी ४६ डॉलर पडते, आणि दोन वर्षांनी यूसी किंवा सीएसयूमध्ये बदली घेता येते. पूर्वी तिथे पाऊल ठेवताच एक चाचणी होई आणि तीत कमी पडलेली मुले शाळेच्या गणिताची उजळणी करण्यात एकामागून एक सेमिस्टर घालवत. त्या उजळणीचे क्रेडिट पदवीला धरले जात नसे आणि बरेच जण तिथेच गळत. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने ही प्रथा मोडीत काढली. आता शाळेतले ग्रेड पाहून मुलांना बहुधा थेट कॉलेजच्या गणितात बसवतात आणि गरज असेल तर सोबत आधाराचा जोडवर्ग देतात. २०२२ च्या एबी १७०५ ने आणखी पुढे जाऊन विज्ञान-इंजिनिअरिंगकडे वळणाऱ्या मुलांनाही शक्यतो कॅल्क्युलसपासूनच सुरुवात करायला लावली. ज्यांची शाळा अल्जिब्रा २ वर संपली त्यांना हे झेपेल का, यावर कॉलेजांतल्या गणिताच्या प्राध्यापकांत तीव्र मतभेद आहेत.