दोघींमधलं अंतर

फुटबॉलचा सामना पाहताना नजर आपोआप चेंडूमागे धावते. सेंटर बॅकचं, म्हणजे बचावाच्या मधल्या जागी खेळणारीचं, काम पाहायचं असेल तर ही सवय मोडावी लागते. टोकियो ऑलिम्पिकमधल्या महिलांच्या अंतिम सामन्याचं चित्रण त्यासाठी चांगलं. दिवस ६ ऑगस्ट २०२१, ठिकाण योकोहामा, सामना कॅनडा विरुद्ध स्वीडन. चेंडू कुठेही जावो, डोळे कॅनडाच्या ३ नंबरच्या जर्सीवर ठेवायचे. चेंडू पार पलीकडच्या गोलपाशी असतानाही ही खेळाडू स्वस्थ उभी नसते. दोन पावलं पुढे, एक मागे. मान वळवून खांद्यावरून एक नजर, लगेच दुसऱ्या खांद्यावरून दुसरी. मध्येच हात लांब करून फुलबॅकला आत बोलावणं, मध्येच जोडीदारणीकडे बघून ओरडणं. चेंडू तिच्याकडे यायला अजून अर्धं मिनिट असतं आणि तिचं निम्मं काम उरकलेलं असतं.

ही केडीशा ब्युकॅनन. कॅनडाच्या राष्ट्रीय संघाकडून दीडशेहून अधिक सामने, ऑलिम्पिकचं एक सुवर्ण आणि एक ब्राँझ, पाच युरोपीय चॅम्पियन्स लीग. यादी मोठी आहे. पण त्या यादीतून तिचं काम कळत नाही, कारण बचावपटूचं काम आकड्यांत फारसं उतरतच नाही.

सेंटर बॅकला सगळा वेळ एकच प्रश्न सोडवायचा असतो: पुढे जायचं की थांबायचं? समोरच्या फॉरवर्डकडे पास येतो आहे. तो तिच्या पायाशी पोचायच्या आत आपण पोचलो तर चेंडू आपला. अर्धं पाऊल उशीर झाला तर ती वळते, आणि मग आपल्या पाठीमागे मोकळं मैदान आणि एकटी गोलरक्षक. थांबलं तर तेवढा धोका नाही, पण फॉरवर्डला मान वर करून पुढचा पास शोधायला सवड मिळते. ब्युकॅननचा पिंड पुढे जाण्याचा. तिचं अंग प्रतिस्पर्ध्याला लागतं, आणि लवकर लागतं. पास निघण्याआधीच तिने शरीर तिरकं केलेलं असतं, एक खांदा चेंडूकडे आणि एक आपल्या गोलकडे, म्हणजे पुढे झेपावायचं ठरलं काय किंवा मागे वळून धावायचं ठरलं काय, पाय मोकळे राहतात. सरळ छाती करून उभी राहणारी बचावपटू वळेपर्यंत वेगवान फॉरवर्ड दोन मीटर निसटलेली असते. हे दोन मीटर ब्युकॅननने कारकिर्दीत फार कमी जणींना दिले.

पण ती पुढे जाऊ शकते ते मागे कुणीतरी थांबलेलं असतं म्हणून. कबड्डीत कोपऱ्याने चढाईपटूचा पाय धरायला झेप घेतली की कव्हर त्याच क्षणी अंगावर आलाच पाहिजे. तो आला नाही तर कोपरा बाद. सेंटर बॅकची जोडीही तशीच चालते. एक पुढे गेली की दुसरीने तिरकं मागे सरकून तिची रिकामी जागा झाकायची. दोघींमधलं अंतर वाढलं तर मधून पास घुसतो, फार कमी झालं तर बाहेरची बाजू उघडी पडते. हे अंतर फळ्यावर आखून शिकवता येतं, पण धावत्या सामन्यात राखायचं तर जोडीदारणीचा स्वभाव माहीत असावा लागतो. म्हणून बचावपटूची कारकीर्द सांगताना तिच्या शेजारी कोण होतं हेही सांगावं लागतं.

टोकियोत बाद फेरीपासून शेजारी होती व्हेनेसा जिल. दोघींच्या वाटा किती वेगळ्या! ब्युकॅनन टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनची. पंजाबातून गेलेल्या कुटुंबांमुळे आपल्याकडे ओळखीचं असलेलं हे शहर कॅरिबियनमधून आलेल्यांचंही आहे. ब्युकॅननचं घर मूळचं जमैकाचं, सात बहिणींचं, आईने एकटीने सांभाळलेलं. ती सतराव्या वर्षी देशाकडून खेळली. जिलचं बालपण शांघायमध्ये गेलं, मग ओटावामध्ये, आणि फुटबॉल तिने पंधरा-सोळाव्या वर्षी धरला. त्या वयात ब्युकॅननच्या पायात बरीच वर्षं मुरलेली होती. एकीची ताकद वेगात आणि अंगझटीत, दुसरीची हवेतल्या चेंडूत आणि गोलसमोर उडी टाकण्यात.

स्वीडनचा संघ त्या स्पर्धेत सुसाट सुटला होता. पाच सामने, पाचही जिंकलेले, तेरा गोल; त्यातले तीन पहिल्याच सामन्यात अमेरिकेवर. अंतिम सामन्यात ३४व्या मिनिटाला कोसोवारे असलानीने उजवीकडून आत पास दिला, स्टीना ब्लॅकस्टेनियसने फटका मारला आणि चेंडू जिलच्या पायाला लागून आत गेला. अशा गोलात बचावपटूची चूक शोधायला गेलं तर सापडतेही आणि नाहीही: जिल फटका अडवायला गेली म्हणूनच चेंडू तिला लागला. जेसी फ्लेमिंगने ६७व्या मिनिटाला पेनल्टीवर बरोबरी साधली. तिथून १२०व्या मिनिटापर्यंत स्वीडनने बरंच दडपण आणलं, पण कॅनडाने गोल होऊ दिला नाही. पेनल्टी शूटआउटमध्ये अॅशली लॉरेन्स, जिल आणि एड्रियाना लिऑन चुकल्या, स्टेफनी लाबेने दोन फटके अडवले, जुलिया ग्रोसोने शेवटचा मारला आणि कॅनडा ३-२ ने जिंकला.

टोकियोतल्या सहा सामन्यांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. कॅनडाने सहा सामन्यांत, शूटआउट सोडून, सहाच गोल केले आणि चार खाल्ले. एकाही सामन्यात एकाहून अधिक गोल बसला नाही. उपान्त्यपूर्व फेरीत ब्राझीलविरुद्ध १२० मिनिटांत ०-०, उपान्त्य फेरीत अमेरिकेवर १-०. अमेरिकेला कॅनडाने त्याआधी हरवलं होतं ते २००१मध्ये. इतक्या कमी गोलांवर सुवर्णपदक मिळतं तेव्हा ते मागच्या रांगेने मिळवलेलं असतं, असं म्हणायला हरकत नसावी. कॅनडात त्या पदकाची गोष्ट पेनल्ट्यांच्या अंगाने सांगितली जाते. ते समजण्यासारखं आहे, तरी त्यात मागच्या रांगेतल्या चौघी-पाचजणींवर अन्याय होतो.

बचावपटू लोकांच्या लक्षात राहते ती बहुधा चुकीमुळे. २०१५चा विश्वचषक कॅनडातच झाला, कृत्रिम गवतावर. उपान्त्यपूर्व सामना इंग्लंडशी, व्हँकुव्हरला, मैदानात ५४ हजारांवर प्रेक्षक. अकराव्या मिनिटाला ब्युकॅननची जोडीदारीण लॉरेन सेसलमन चेंडू ताब्यात घेताना अडखळली. जोडी टेलरने तो उचलला, सरळ धाव घेतली आणि गोल केला. तीन मिनिटांनी फ्री किकवर ल्युसी ब्रॉन्झने हेडरने दुसरा. ख्रिस्टीन सिंक्लेअरने एक परत केला, पण कॅनडा १-२ने बाहेर गेला. सेसलमन वर्षभरापूर्वी गुडघ्याचं लिगामेंट तुटून, शस्त्रक्रिया करून, पुन्हा उभी राहिलेली होती. त्या स्पर्धेतल्या तिच्या बाकी मिनिटांबद्दल आज कुणी बोलत नाही. त्याच स्पर्धेत शेजारच्या ब्युकॅननला मात्र सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार मिळाला. वय एकोणीस. पाच सामन्यांत तिने जगातल्या नामांकित फॉरवर्डना ज्या सहजतेने रोखलं ते पाहून तिला पाहण्यासाठी तिकीट काढावं असं वाटायला लागलं. बचावपटूच्या बाबतीत हे क्वचित घडतं.

एकोणीस वर्षांची मुलगी अशी एकदम तयार होत नाही. जॉन हर्डमन प्रशिक्षक असताना जानेवारी २०१३मध्ये, चीनमधल्या एका चौरंगी स्पर्धेत, तिला पहिली संधी मिळाली. २०११च्या विश्वचषकात शेवटच्या क्रमांकावर राहिलेला कॅनडा २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ घेऊन आला होता. पुढची फळी सिंक्लेअरभोवती उभी होती, मागे नव्या रक्ताची गरज होती. २०१३मध्येच ब्युकॅनन अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेली. बरोबर होती लॉरेन्स, तीही टोरांटोच्या परिसरातली. चार हंगाम दोघी एकत्र खेळल्या आणि २०१६मध्ये विद्यापीठाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं. त्या हंगामासाठी ब्युकॅननला हर्मन ट्रॉफी मिळाली, म्हणजे अमेरिकन विद्यापीठ फुटबॉलमधला सर्वोच्च मान. सिंक्लेअरने तो दोनदा मिळवला होता, पण ती गोल करणारी. गोल अडवणारीला तो मिळणं ही वेगळी गोष्ट.

जानेवारी २०१७मध्ये दोघी मैत्रिणी फ्रान्सला गेल्या, ब्युकॅनन लिऑनला आणि लॉरेन्स पॅरिस सेंट जर्मेनला. त्या जून महिन्यात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना कार्डिफला याच दोन क्लबांमध्ये झाला आणि पेनल्टींवर लिऑनने जिंकला. फ्रान्स का? कारण घरी खेळायला जागाच नव्हती. ऑलिम्पिकमध्ये सलग पदकं मिळवणाऱ्या देशात महिलांची व्यावसायिक लीग नव्हती; नॉर्दर्न सुपर लीग सुरू झाली एप्रिल २०२५मध्ये, माजी मिडफिल्डर डायना मॅथेसनच्या पुढाकाराने. तोवर कॅनेडियन बचावपटू परक्या देशात, कधी परक्या भाषेत हा धंदा शिकल्या. इतक्या मुली शिकायला बाहेर पाठवून महासंघाने फुकटात पदकं मिळवली हे कठोर वाटेल, पण खरं आहे. २०२३च्या सुरुवातीला खेळाडूंनी मानधन आणि कमी केलेल्या खर्चावरून संप पुकारला, महासंघाने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, आणि त्यांना तोंडावर आलेली स्पर्धा खेळावी लागली. निषेध म्हणून जांभळे शर्ट घालून त्या मैदानात उतरल्या.

लिऑनमध्ये ब्युकॅननसमोरचा प्रश्न आणखी अवघड होता. तिथे वेंडी रेनार होती, १८७ सेंटिमीटर उंचीची फ्रान्सची कर्णधार, आणि ग्रीज म्बॉक होती. जागा दोन, जगातल्या पहिल्या रांगेतल्या दावेदार तीन. देशाच्या संघात ब्युकॅननचं नाव सगळ्यात आधी लिहिलं जायचं. इथे कधी बाकावर, कधी फुलबॅकच्या जागी. आणि लिऑनला चेंडू जवळजवळ सगळा वेळ आपल्याच पायात लागतो. तिथे सेंटर बॅक म्हणजे हल्ल्याची पहिली पायरी: दबाव अंगावर येत असताना चेंडू थांबवायचा, मान वर करायची, दोन रेषा कापणारा पास द्यायचा. केवळ पायांच्या वेगावर भरवसा ठेवणाऱ्या बचावपटूला तिथे जागा टिकवता आली नसती. साडेपाच वर्षांत लिऑनने पाच चॅम्पियन्स लीग जिंकल्या, शेवटची २०२२मध्ये तुरीनला बार्सिलोनावर ३-१ने. मग ती चेल्सीत गेली.

कॅनडासाठी तिने गोलही केलेत, कॉर्नरवर. २०१९च्या विश्वचषकात माँपेलियेला कॅमेरूनने कॅनडाला पूर्वार्धभर अडवून धरलं होतं. मध्यंतराच्या तोंडावर जनीन बेकीचा कॉर्नर आला. ब्युकॅननने आधी मागे ओढ घेतली, तिच्यावर नजर ठेवणारी क्षणभर हरवली, आणि मग पुढे येऊन हेडर. १-०, तेवढ्यावर सामना संपला. आपल्याला कोण कसं फसवतं हे बचावपटूला पाठ असतं. त्या पाठांतराचा तिने उलटा उपयोग केला.

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हीच मागची फळी विचित्र परीक्षेला बसली. न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवल्याचं प्रकरण उघड झालं, प्रशिक्षक बेव्ह प्रिस्टमन निलंबित झाल्या, संघाचे सहा गुण कापले गेले. बाद फेरी गाठायची तर गटातले तिन्ही सामने जिंकणं भाग होतं. जिंकले. फ्रान्सविरुद्धचा विजयी गोल जिलने भरपाई वेळेच्या बाराव्या मिनिटाला केला, कोलंबियाविरुद्धचाही तिचाच. बाद फेरीत जर्मनीशी १२० मिनिटं ०-० राहिलं आणि या वेळी पेनल्ट्या विरुद्ध गेल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेल्सीच्या सेल्टिकविरुद्धच्या सामन्यात ब्युकॅननच्या गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटलं. महिला खेळाडूंमध्ये या दुखापतीचं प्रमाण पुरुषांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आहे. अंगरचना, सरावाच्या सोयी, पुरुषांच्या पायावर बेतलेले बूट अशी अनेक कारणं त्यासाठी पुढे केली जातात. शस्त्रक्रियेत शरीराच्याच दुसऱ्या भागातून घेतलेला स्नायुबंध गुडघ्यात बसवतात. आधी पाय सरळ करायला शिकायचं, मग मांडीच्या स्नायूंत ताकद भरायची, काही महिन्यांनी सरळ रेषेत धावायचं. दिशा बदलणं, उडी मारून एका पायावर उतरणं, कुणाची धडक सोसणं हे सगळ्यात शेवटी. नऊ महिने ते वर्ष जातं. सेंटर बॅकचं पोट या शेवटच्या गोष्टींवरच आहे: मागे मागे सरकताना अचानक कंबर फिरवून गोलकडे धावत सुटणं. सगळा भार एका गुडघ्यावर येतो, आणि मनाने त्या गुडघ्यावर पुन्हा विश्वास टाकायला शरीरापेक्षा जास्त वेळ लागतो.

जानेवारी २०२५मध्ये कॅनडाचं प्रशिक्षकपद केसी स्टोनी यांच्याकडे आलं. स्टोनी स्वतः इंग्लंडच्या सेंटर बॅक, कर्णधारपद भूषवलेल्या. त्यांच्या हाती संघ आला तो ब्युकॅननशिवाय. जिलशेजारी दुसरी कुणी उभी करायची म्हणजे पुढे कोण जाणार, मागे कोण थांबणार आणि दोघींमध्ये किती अंतर ठेवायचं, हे सगळं पहिल्यापासून ठरवायचं.