ओठावरचा ताप आणि चिनी काढा

घरात कुणाचा ताप उतरावा, दुसऱ्या दिवशी ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका उठावा, की आजीबाईंचे निदान ठरलेले: "ताप ओठावर फुटला, आता बरं वाटेल!" निदान अर्धेच खरे. हा फोड उठवणारा हर्पीसचा विषाणू तापाबरोबर आलेला नसतो. बहुधा बालपणीच, कुणा मायाळू माणसाच्या पापीतून तो अंगात शिरतो आणि कानाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो. ताप, रणरणते ऊन, जागरण अशी संधी मिळाली, की स्वारी पुन्हा ओठावर हजर!

चिनी वैद्य ह्याला यकृत आणि पित्ताशयातली 'दमट उष्णता' म्हणतात. त्यावर 'लुंगतान शिएकान थांग' नावाचा दहा वनस्पतींचा काढा देतात. वांग आंग ह्या वैद्याच्या १६८२ सालच्या ग्रंथात तो आढळतो. 'लुंगतान' म्हणजे ड्रॅगनचे पित्त! प्रत्यक्षात ते आपल्या किराइताच्या कुळातले एक कडूजहर मूळ.

काढ्याने गुण येतो का? येथेच खरी मेख आहे. हा फोड काही न करताही सात ते दहा दिवसांत सुकतो. पाचव्या दिवशी काढा घेतला आणि आठव्या दिवशी खपली पडली, तर श्रेय कुणाचे? म्हणूनच औषध घेतलेले आणि न घेतलेले रोगी शेजारी शेजारी ठेवून दिवस मोजावे लागतात. ह्या काढ्यावरच्या चिनी चाचण्या बहुतेक नागिणीवर झाल्या आहेत, आणि नागिणीचा विषाणू निराळा. काही चिनी वनस्पतींचे अर्क काचनळीत हर्पीसला रोखतात, हे खरे. पण काचनळीला ना पोट असते, ना यकृत!

त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे तो रेवंदचिनीचा. चिनी वैद्यकातले हे जुने मूळ आपल्याही काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस चाचणीत सुमारे १४५ रोग्यांपैकी काहींना रेवंदचिनी आणि सेज ह्यांचे मलम दिले, काहींना नुसत्या सेजचे, तर काहींना डॉक्टरांचे नेहमीचे असायक्लोव्हीर. बरे व्हायला सरासरी दिवस लागले अनुक्रमे ६.७, ७.६ आणि ६.५. बरोबरीच म्हणायची! मात्र काहीच न लावलेला गट त्यात नव्हता. आणि असायक्लोव्हीरचे मलम तरी दुखणे जेमतेम अर्धा दिवस कमी करते.

एवढ्याशा लाभासाठी पोटात काय जाते, हेही पाहायला हवे. काढ्यातल्या दहांपैकी एक 'मूथोंग'. ह्या नावाखाली अकेबियाच्या वेलीऐवजी ईशान्य चीनमधली 'क्वान मूथोंग' वर्षानुवर्षे विकली जाई. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने कित्येकांचे मूत्रपिंड कायमचे निकामी झाले. त्यातून कर्करोगही होतो. अखेर २००३ साली चीन सरकारनेच तिच्यावर बंदी घातली.

तेव्हा चीनहून आलेल्या पाहुण्याने पुडी हाती दिली आणि त्यावर नुसतेच 'मूथोंग' लिहिलेले असले, तर ती उकळू नये. फोड ओला असेतो टॉवेल वेगळा ठेवावा. आणि तान्ह्या बाळाची पापी तर मुळीच घेऊ नये. मोठ्यांना नुसता चुरचुरणारा हा विषाणू नवजात बालकाच्या जिवावर उठू शकतो.