तिघांची शर्यत, वेळ एकच

२००३ साली सुरू झालेल्या पुण्याच्या 'एंड्युरो-थ्री'सारख्या शर्यतीत सायकल, डोंगरवाटा आणि वल्हवणे, सारे तिघांनी मिळून करायचे असते. तशा शर्यतीत उतरायची हौस आपल्या मंडळींना आली, की पहिला प्रश्न येतो तो हा, की इथे डोंगर कुठे?

अमवाज म्हणजे समुद्रात भराव घालून केलेली सपाट बेटे. बहारीनचे सर्वांत उंच ठिकाण जबल दुखान, तेही १३४ मीटर. आतकरवाडीकडून सिंहगडाचा चढ सहाशे मीटरच्या आसपास. उरले इमारतींचे जिने. मजला ३ मीटरचा धरला तर एका सिंहगडाला २०० मजले! खाली येताना लिफ्टचा मोह टाळावा. गुडघ्यांचा कस उतारावरच लागतो. (वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर चौकशी होणारच.) घसाऱ्याची सवय जिन्यावर होत नाही, त्यासाठी थोडे वाळूत चालावे. वल्हवायला पाणी दाराशीच आहे.

खरी अडचण वेगळी. वेळ धरतात ती तिसरा पोचल्यावर. म्हणजे वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. आपल्याकडे 'पाय दुखतोय' म्हणायची लाज. पण एकाने फोड लपवला तर तासाभराने तिघेही रस्त्यात बसतात. म्हणून सरावातच दमलेल्याची पिशवी दुसऱ्याने घ्यावी, आणि त्याने ती निमूट द्यावी. हे देणेच जड जाते.

पिशवीत वजनाला पाण्याच्या बाटल्या भराव्यात. वर पोचल्यावर कुणा वहिनींच्या कुंड्यांना पाणी घालून मोकळे उतरता येते.