विशेष बांधणीच्या जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार : मूळ कोणतें व प्रक्षिप्त कोणतें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, बखरी, नाणीं व शिलालेख हीं आपणांपुढें उभीं राहतात. त्या पंक्तीस गोठ्यांत गंजत पडलेली मोटारगाडी बसवावी असें कोणी म्हटल्यास वाचकांस हंसूं येईल. मलाहि एके काळीं आलें असतें. परंतु त्या अज्ञानापायीं माझ्याच हातून एका अस्सल साधनाचा नाश झाला. तो कसा झाला हें सांगावें व त्या निमित्तानें अशा वस्तूंच्या जीर्णोद्धाराविषयीं कांहीं विचार मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आज मोटार ही एक अखंड वस्तु म्हणून कारखान्यांतून बाहेर पडते. पूर्वीं सर्वत्र तसें नव्हतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत उंची गाड्यांचा कारखानदार बहुधा चेसिस तेवढी देई. म्हणजे लोखंडी चौकट, तीवर यंत्र, आंस, चाकें व सुकाणूचें चक्र. वरची बॉडी गिऱ्हाइकानें स्वतंत्र कारागिराकडून आपल्या इच्छेप्रमाणें बांधवून घ्यावयाची. हे कारागीर मूळचे घोड्यांच्या गाड्या बांधणारे. लंडनच्या हूपर, बार्कर इत्यादि पेढ्यांनीं आपल्याकडील संस्थानिकांसाठींहि अशा बॉड्या बांधल्या. आंतला सांगाडा लांकडाचा व त्यावर पत्रा ठोकलेला, अशी ही रचना असे. वैदिक वाङ्मयांत रथकार, तक्षा व कर्मार हे निरनिराळे कारागीर म्हणून येतात. तीच विभागणी येथें पुन्हां दिसते. तेव्हां विशेष बांधणीच्या मोटारीस एक कर्ता नसतो, निदान दोन असतात, व तिसरा कर्ता म्हणजे तिचा धनी, ज्याच्या हौशीनें वा गरजेनें ती घडली.

या दोन अंगांचें आयुष्य सारखें नाहीं. लोखंड टिकतें, लांकूड कुजतें. शिवाय चेसिस चालू असली म्हणजे तीवर मालवाहू साटा चढवावा, प्रवासी गाडी करावी, असा मोह धन्यास होतो. म्हणून जुन्या चेसिस त्या मानानें अधिक आढळतात व त्यांवरील मूळ बॉड्या थोड्या. आमच्या नगर जिल्ह्यांत याच्या उलट असें एक उदाहरण आहे. मेहेरबाबांनीं १९३८-३९ च्या सुमारास दूरच्या प्रवासांसाठीं जी निळी बस वापरली, तिची बॉडी मेहेराझाद येथें जपून ठेवलेली आहे. १९४९ सालीं त्यांनीं तींत एकांतवास केला होता. येथें चाकें गेलीं व खोली राहिली. दुसरें उदाहरण नगर शहरांतील रणगाडा संग्रहालयाचें. हें संग्रहालय १९९४ सालीं उघडलें. तेथें रोल्स रॉईसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ चेसिसवर बांधलेली चिलखती मोटार आहे. ज्या चेसिसवर राजेरजवाड्यांच्या मऊ गाद्या बसविल्या जात, तीवरच येथें पोलादी पत्रे व मशीनगनचा बुरूज बसला. कोल्हापूरच्या दसऱ्यास छत्रपतींच्या घराण्यांतील मेबॅक मोटार निघते, ती पाहण्यास लोक किती उत्सुक असतात हें तर सर्वांस ठाऊक आहे.

आतां माझी हकीकत. आमचें कोल्हार हें नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेच्या कांठीं वसलेलें, भगवतीदेवीचें गांव. सुमारें ३५ वर्षांपूर्वीं मी नुकताच शिक्षक झालों होतों. गांवांतील एका वाड्यामागील पडवींत, कडब्याच्या पेंढ्यांखालीं, एक मोटार पडली होती. पुढील तोंड शेव्हरलेचें. मागें मात्र कोणा सुतारानें बांधलेली, आमच्याकडील दमणीची आठवण व्हावी अशी लांकडी खोली. दोहों बाजूंस बांकें, खिडक्यांस कांचेऐवजीं लांकडी झिलमिळ्या, व मागें उतरण्यास लोखंडी पायरी. घरच्या बायकामाणसांस देवदर्शनास व लग्नकार्यास नेण्यासाठीं आजोबांनीं ती बांधवून घेतली, एवढेंच घरांतील मंडळी सांगत. धन्यांनीं मोठ्या मनानें ती गाडी शाळेच्या मुलांस दुरुस्तीसाठीं दिली.

मीं उत्साहानें काम आरंभिलें. मुलांकडून दोन रविवारांत सगळा रंग खरवडून काढविला. कुजकीं दिसलीं तीं लांकडें मोडून सरपणास दिलीं. झिलमिळ्यांच्या जागीं पत्रा ठोकला. दारावर पितळेची एक लहान पट्टी होती. तिच्यावरील अक्षरें झिजलीं आहेत म्हणून ती मोडींत गेली. मग सर्वांवर लाल भडक रंग दिला. प्रजासत्ताकदिनीं गाडी ढकलत मैदानांत आणली तेव्हां टाळ्या पडल्या. पुढें दोन पावसाळ्यांत नव्या पत्र्याखालीं पाणी मुरून उरलेलें लांकूडहि गेलें. आज शिल्लक आहे ती चेसिस, यंत्र, आणि एक दार. हें दार त्या वेळीं बिजागऱ्या तुटल्यामुळें निराळें पडलें होतें, म्हणूनच तें आमच्या तावडींतून सुटलें.

काय गमावलें हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. जुन्या गाडीचा काळ ठरविण्याचीं साधनें तिच्या अंगावरच असतात. यंत्र पाहावें : शेव्हरलेची १९२८ सालची गाडी चार सिलिंडरांची, व १९२९ पासून सहांची. आमचें यंत्र सहांचें, म्हणजे १९२९ च्या पूर्वींचें नव्हे. जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें जुळणीचा कारखाना १९२८ सालीं काढला, तेव्हां ही चेसिस तेथें जुळली असण्याचा संभव आहे. परंतु संभव म्हणजे प्रमाण नव्हे. स्क्रू पाहावे : अधिकाच्या चिन्हाची खांच असलेले स्क्रू मोटारींत १९३६ च्या सुमारास येऊं लागले, त्यापूर्वींचे एका उभ्या खांचेचे. असा चौफुलीचा स्क्रू जेथें सांपडेल तेथें तो मागाहून बसविलेला वा ती बॉडीच मागाहूनची, असें अनुमान करतां येतें. रंगाचे थर पाहावे : ड्युको हा लवकर वाळणारा रंग अमेरिकेंत १९२३ च्या सुमारास मोटारींस लावूं लागले, तत्पूर्वीं रोगणाचे हात कुंचल्यानें देत व गाडी तयार होण्यास कित्येक आठवडे लागत. आमच्या गॅरेजांतून मोटारीच्या कोणत्याहि रंगास अजून ‘ड्युको’ म्हणतात. हे थर पाहण्यास सगळी गाडी खरवडण्याचें कारण नाहीं. रुपयाएवढी एक जागा बारीक पॉलिशकागदानें हळूहळू घांसली असतां झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें एकांत एक रंगाचीं कडीं दिसतात. त्यांचा क्रम टिपून घ्यावा, छायाचित्र घ्यावें, व तेथेंच थांबावें. आम्हीं खरवडलेल्या रंगाखालीं कांहीं अक्षरें होतीं असें त्या वेळचा एक विद्यार्थी अजून सांगतो. काय अक्षरें, हें त्यास आठवत नाहीं.

मी संस्कृतचा विद्यार्थी. मला ही चूक दुसऱ्या कोणत्या क्षेत्रांत कधींच झाली नसती, ही खरी लाज वाटण्याची गोष्ट आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली व १९६६ सालीं ती पुरी झाली. सुकथनकरांनीं घालून दिलेल्या पद्धतींत जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते मुख्य पाठांतून काढले खरे. पण फेंकून दिले नाहींत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जसेच्या तसे छापले, म्हणजे उद्यां दुसऱ्या पंडितास निर्णय फिरवावासा वाटल्यास पुरावा हाताशीं राहावा. जीर्णोद्धारांत हेंच करावयाचें असतें. काढलेली प्रत्येक फळी, प्रत्येक खिळा चिठ्ठी लावून ठेवावा. नवी फळी घातली तर ती नवी आहे हें आंतल्या बाजूस सालासह लिहावें. आणि ज्या भागाचा कांहींच पुरावा नाहीं तो कल्पनेनें भरण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. पोथींतील गहाळ पान स्वतः श्लोक रचून भरणाऱ्यास आपण काय म्हणतों?

यावर कोणी म्हणेल, सगळे अवयव बदलत गेले तर गाडी ती कोणती? हा प्रश्न नवा नाहीं. मिलिंदपञ्ह या पालि ग्रंथांत नागसेन राजाच्या रथाविषयीं हेंच विचारतो : दांडी म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, कीं चाकें? त्याचें उत्तर तत्त्वज्ञानास पुरतें. इतिहासास मात्र पुढें जाऊन कोणता अवयव केव्हां व कोणीं घातला हें विचारावें लागतें.

असें काम परदेशांत कसें झालें याचें, हिंदुस्थानाशीं संबंध असलेलें, एक विलक्षण उदाहरण देतों. १९१० सालीं कलकत्त्याच्या मॅथ्यूसन नांवाच्या धनिक इंग्रजी गृहस्थानें इंग्लंडांतील लोस्टॉफ्ट येथील ब्रुक कंपनीकडून हंसाच्या आकृतीची मोटार बांधविली. मागील भागावर सोनेरी वर्खाचीं कमळें. डोळ्यांत विजेचे दिवे. यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याशीं चोंच जोडलेली, ती उघडून वाफेचा फवारा सोडावा व गर्दी हटवावी. धुराच्या जोरावर वाजणारें आठ सुरांचें शिंग होतें, व तें वाजविण्यास मागें पेटीसारख्या पट्ट्या. हत्तींची लीद चाकांस चिकटे ती झाडण्यासाठीं कुंचेहि बसविले होते. कलकत्त्याच्या रस्त्यांत तिनें पहिल्याच दिवशीं असा गोंधळ उडविला कीं पोलिसांस मध्यें पडावें लागलें. ब्रह्मदेवाचें वाहन रस्त्यांत वाफ ओकूं लागल्यावर दुसरें काय व्हावयाचें? पुढें ती नाभाच्या महाराजांकडे गेली, व अखेर विसाव्या शतकाच्या शेवटीं हॉलंडमधील लुव्हमन संग्रहांत जाऊन तेथें सुधारली गेली. आज ती हेग येथें पाहावयास मिळते. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं या गाडींत चेसिस हा गौण भाग आहे. तें यंत्र गेलें असतें तरी हंस राहिला असता; हंस गेला असता तर ब्रुकची आणखी एक चेसिस तेवढी उरली असती. म्हणजे विशेष बांधणीच्या गाडीचें वैशिष्ट्य बहुधा तिच्या सर्वांत नाजूक भागांतच असतें, आणि आम्हीं नेमका तोच भाग सरपणास दिला.

यंत्राविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तें काम कुशल मिस्त्री माझ्यापेक्षां चांगलें जाणतात. बंद पडलेलें जुनें यंत्र हँडल मारून लगेच फिरविण्याचा प्रयत्न करूं नये. गंजलेल्या सिलिंडरांत पिस्टन अडकलेले असतात व जोर केल्यास दांडे वांकतात. प्लग काढून त्या भोंकांतून पातळ तेल सोडावें, दिवसचे दिवस मुरूं द्यावें, मग हातानें किंचित् किंचित् हलवून पाहावें. आमचें यंत्र बारा दिवसांनीं हललें. पेट्रोलची टांकी धुतल्याशिवाय तींतील इंधन यंत्रास देऊं नये. रबराच्या नळ्या कितीहि चांगल्या दिसोत, त्या बदलाव्याच. येथें जुन्याचा अभिमान कामाचा नाहीं.

आतां प्रश्न पुढचा आहे. त्या घरांतील तरुण पिढीनें गेल्या वर्षीं मला विचारलें कीं चेसिसवर ‘अगदी जुन्यासारखी’ बॉडी बांधून घ्यावी काय? एका कारागिरानें तशी तयारी दाखविली आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील गाड्यांस निराळी नोंदणी दिली. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षें, व ‘व्हीए’ हीं अक्षरें असलेला नंबर. परंतु अट अशी कीं गाडी मूळ रूपांत असावी. चेसिस, बॉडी वा यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नियम रास्त आहे. पण कारखान्यानें चेसिस दिली व गांवच्या सुतारानें बॉडी, तेथें मूळ रूप कोणतें? सुतारानें बांधली तीच माझ्या मतें मूळ. आणि ती आतां नाहीं. नवी बांधली तर ती आमच्या तर्काची बॉडी होईल, कारण एकहि माप वा छायाचित्र आमच्यापाशीं नाहीं. तरुणांस हें रुचलें नाहीं. आजोबांची गाडी पुन्हां दारांत उभी राहावी ही त्यांची इच्छा मला समजते, व ती मोडणारा माणूस मीच असल्यामुळें त्यांस नको म्हणण्याचा मला फारसा अधिकारहि उरलेला नाहीं. तरी मीं माझें मत दिलें : यंत्र चालू करावें, चेसिस उघडी ठेवावी, बसण्यापुरती साधी फळी टाकावी व तीवर साल घालावें. निर्णय त्यांचा आहे. अजून झालेला नाहीं.

तूर्त तें उरलेलें दार माझ्या ओसरीवर आहे. लांकूड सागाचें आहे. खालच्या कडेस, जेथें एरवीं कोणाची नजर जाणार नाहीं, तेथें पटाशीनें कोरलेलें मोडी ‘डा’ आहे. डावीकडचें दार म्हणून सुतारानें स्वतःसाठीं केलेली खूण असावी. वरून लाल, त्याखालीं हिरवा, त्याखालीं पुन्हां काळा, असे तीन थर एका कोपऱ्यांत मोजले. बाकीचें दार मीं घांसलेलें नाहीं. आणि ज्या जागीं ती पितळी पट्टी होती तेथें चार भोंकें आहेत, व त्यांच्यामध्यें मूळ काळ्या रंगाचा एक लांबट चौकोन, कोणाचाहि हात न लागलेला.