दुष्काळाचे आकडे आणि आपली वस्ती

करमाळा तालुक्याला दुष्काळ नवा नाही. एका अंगाला उजनीचा फुगवटा, दुसऱ्या अंगाला सीना नदी. तरीही मधल्या माळावरच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. १९७२ च्या दुष्काळात पाऊस, पिके, पाणी यांच्या नोंदी सरकारी दप्तरात बंद असत. आज त्यातील बरीचशी माहिती सर्वांसाठी खुली आहे. परंतु ती वाचणारे आपल्यात किती, हा खरा प्रश्न आहे.

ती का वाचायची? कारण मदत आकड्यांवर ठरते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात करमाळा होता. पावसातील तूट, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतील ओल, भूजलाची पातळी असे निर्देशांक त्यासाठी पाहिले जातात. पुढच्याच महिन्यात इतर तालुक्यांतील १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. तेथे कसोटी होती ती सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पावसाची. म्हणजे मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद एक-दोन टक्क्यांनी इकडे-तिकडे झाली, तर एका गावाला सवलत मिळते आणि शेजारचे गाव कोरडे राहते.

दुष्काळ जाहीर झाल्यावर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत मिळते. या सवलती ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या. आपल्यातील कित्येक कुटुंबे भूमिहीन आहेत. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी तीन : रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता, विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्क माफी आणि पिण्याच्या पाण्याचा टँकर. या तिन्हींची चौकशी आपणच केली पाहिजे.

टँकरचा हिशेब सोपा आहे. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात माणशी दररोज २० लिटर पाणी देण्याचा निकष आहे. वस्तीत ५०० माणसे असतील तर रोज १०,००० लिटर पाणी आले पाहिजे. म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. कागदावर दोन खेपा आणि वस्तीत एकच, असे असेल तर भांडण करण्यापूर्वी खेपांच्या नोंदवहीची प्रत मागावी. १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या माहिती अधिकार कायद्यानुसार साध्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. माहिती व्यक्तीच्या जीविताशी निगडित असेल तर मुदत ४८ तासांची आहे. शिवाय याच कायद्याच्या कलम ४ नुसार बरीच माहिती कोणी न मागताही कार्यालयांनी स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाची असते.

आकडे वाचताना त्यांचा अर्थही समजून घ्यावा. उजनी ‘शून्य टक्के’ झाली म्हणजे धरण कोरडे पडले असे नव्हे. सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी जवळजवळ ६४ टीएमसी मृत साठा आहे. टक्केवारी त्याच्या वरच्या पाण्याची असते. म्हणूनच २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेल्याच्या बातम्या आल्या. फुगवट्याचे पाणी मागे सरकले की काठावरच्या गावांचे पंप उघडे पडतात. हा आकडा रोज पाहणारा शेतकरी आणि त्याच्याकडे कामाला जाणारा मजूर, दोघेही वेळीच सावध होतात.

अर्थात सरकारी आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पर्जन्यमापक एका गावात असतो, पाऊस दुसऱ्याच शिवारात पडतो. उपग्रहाला रान दिसते, वस्तीतला रिकामा हंडा दिसत नाही. म्हणून आपलीही नोंद हवी. टँकर कोणत्या तारखेला, किती वाजता आला, किती घरांना पाणी मिळाले, विहिरीचे पाणी किती हात खाली गेले, हे एका वहीत रोज लिहावे. सरकारी नोंद आणि आपली वही ग्रामसभेत शेजारी-शेजारी ठेवली, की तक्रारीला पुराव्याचे बळ येते.

आपल्या शिकलेल्या तरुण-तरुणींना एवढीच विनंती आहे. हातातल्या मोबाईलवर मंडळाचा पाऊस आणि उजनीचा साठा पाहा व समाजमंदिरातील फळ्यावर रोज लिहून ठेवा. ज्या आईला वाचता येत नाही, तिला तो वाचून दाखवा. पाण्यासाठी रात्र जागणाऱ्या त्या माउलीला आपल्या हक्काचे पाणी किती हे कळले, तर आपल्या शिक्षणाचे सार्थक झाले असे समजावे.